काहीच न लावणारी नलूताई

नेरच्या बसस्टँडवरून कापूस बाजाराकडे जो रस्ता जातो, त्यावर सायकलचं दुकान आणि झेरॉक्स यांच्या मधोमध दहा बाय बाराची एक खोली आहे. दाराला गुलाबी पडदा. त्या पडद्याआड नलू भगत बावीस वर्षांपासून तालुक्यातल्या बायकांची तोंडं उजळत आली. स्वतःचं तोंड मात्र तिनं नळाच्या पाण्याखेरीज कोणाच्या हवाली केलं नाही.

वय बावन्न. रंग सावळा, पण कातडी अशी की नव्या मडक्यावरून हात फिरवावा. सकाळी पाणी, रात्री पाणी, थंडीच्या दिवसात खोबरेल तेलाचं एक बोट. संपलं. पुढं काही नाही.

हे काही व्रतबित नव्हतं. तरुणपणी ती यवतमाळला पार्लरचा कोर्स करायला गेली, तेव्हा वर्गात तिच्याखेरीज पंधरा पोरी होत्या आणि सरावाला तोंड द्यायला कोणीच तयार नव्हती. नलू भोळी. "माह्यावर करा," म्हणाली. महिनाभर पंधराजणी तिच्या तोंडावर शिकल्या. कोणी ब्लीच लावून गप्पा मारत बसली, कोणी गरम मेण ओतलं. महिन्याच्या शेवटी पंधराही जणी पास झाल्या आणि नलूचं तोंड भाजलेल्या वांग्यागत झालं. तेव्हापासून तिनं ठरवलं, की धंदा दुसऱ्याच्या तोंडावर करायचा, आपल्या नाही.

तीच तिच्या धंद्यातली मोठी अडचण होती. खुर्चीत बसलेली बाई आरशात आधी स्वतःकडे पाही, मग मागं उभ्या नलूकडे पाही, आणि ठरलेला सवाल येई.

"ताई, तुमी सोता काय लावता वं?"

"काही नाई."

"सांगा ना आता."

"पाणी लावतो. नळाचं. तुह्या घरी येते तेच."

बाई हसे. अशी हसे, जसा सरकारी बाबूनं 'साहेब बाहेर गेले' म्हटल्यावर माणूस हसतो.

नलूचा नवरा नानाजी एस.टी.त कंडक्टर होता, आता रिटायर. संध्याकाळी तो दुकानात येऊन बाकड्यावर बसे आणि अक्कल शिकवी. "अवं, थोडं खोटं बोलत जाय. मी तीस वर्सं बसमधी ओरडलो, माघं जागा आहे, माघं सरका. माघं कधीच जागा नोहती. पण गाडी चालली ना?"

"तुमची गाडी चालली. माह्यं तोंड नाई चालत तसं."

"म्हनूनच तं कोणी इस्वास ठेवत नाई तुह्यावर," नानाजी म्हणे.

नलूच्या चेहऱ्याला पाणी पुरत होतं, टाचांना पुरत नव्हतं. दिवसभर सिमेंटवर उभं राहून टाचा अशा फाटत, की ज्वारीचा दाणा पडला तर उगवून यावा. त्यावर इलाज एकच, बिब्बा. रानातला बिब्बा दाभणानं टोचून दिव्यावर धरला की काळं तेल ठिबकतं. ते काडीच्या टोकानं भेगेत भरलं की भेग बुजते. पण तेच तेल चांगल्या कातडीला लागलं की बिब्बा 'उततो': सूज, फोड, आग, खाज, सगळी वरात येते. म्हणून तांड्यावरची बसंतीबाई राठोड दर हिवाळ्यात ते तेल खोकल्याच्या औषधाच्या जुन्या शिशीत भरून आणी आणि शिशीच्या गळ्याला लाल दोरा बांधी. तिची तशी रीतच होती. लाल दोरा म्हणजे हात लावू नको.

गिऱ्हाइकाचा हात पडू नये म्हणून नलू ती शिशी आरशाच्या मागं ठेवी. दुपारी दुकान रिकामं असलं की पडदा ओढून, पाठ करून बसे आणि टाचेला काडी लावी.

एका दुपारी कोणीतरी पडद्याच्या फटीतून पाहिलं. पाठमोरी नलू, हातात काडी, काडीला काळं तेल. एवढंच दिसलं. नेर गावाला तेवढं पुरे झालं. "पाणी लावतो म्हनते, अन् आरशामाघं शिशी लपवते! नाई तं बावन्न वर्साची बाई अशी दिसन का वं?"

खरं बोलण्याचे जे काही फायदे असतात, ते असे नलूच्या पदरात पडत होते.

जानेवारीत तिच्या बहिणीची पोरगी उर्वशी पुण्याहून महिनाभर राहायला आली. लॅपटॉपवरची नोकरी, कुठूनही करता येते म्हणे. उर्वशीनं पुण्यात नवा विचार घेतला होता, कमीत कमी आणि नैसर्गिक. त्वचेला फार काही लागत नाही, असं तिचं म्हणणं. हे कमीत कमी तिनं सोबत आणलं होतं, अकरा बाटल्यांमध्ये.

"मावशी, तू तर आधीपासूनच हे करतेस!" ती हरखून म्हणाली. "फक्त तुला ते नीट मांडता येत नाही."

"पाणी काय मांडाचं वं?"

"बघच तू."

दोन दिवसांत तिनं दुकानाचं रूप पालटलं. लाल-पिवळे डबे खोक्यात गेले. भिंतीला एकच लाकडी फळी, फळीवर एकसारख्या तपकिरी काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर खाकी कागदाची चिठ्ठी. गुलाबजल, खोबरेल, जवसाचं तेल, सगळ्या बहिणी-बहिणी दिसाव्यात अशा. बाहेरच्या पाटीवर 'सहज' असा शब्द आला. गावातल्या बायका थांबून पाटी वाचत आणि विचारत, "दुकान बंद होऊन राह्यलं का नलूताईचं?"

आरसा पुसताना उर्वशीला मागची शिशी सापडली. तेव्हा नलू एका गिऱ्हाइकाच्या भुवया कोरत होती. भुवया कोरताना दोऱ्याचं एक टोक दातात धरावं लागतं, हे ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सगळं कळेल.

"मावशी, हे काय आहे? रानातलं का?"

दातात दोरा. नलूनं मान हलवली. हो.

"म्हणजे नैसर्गिकच ना?"

पुन्हा मान हलवली. हो. खोटं कसं म्हणायचं? बिब्बा काही कारखान्यात होत नाही.

त्यानंतर आणखी चारजणी ओळीत होत्या. नलू म्हणाली मनात, की झाल्यावर सांगू. झाल्यावर विसरली. उर्वशीनं काळं तेल तपकिरी बाटलीत ओतलं, खोकल्याची शिशी कचऱ्यात टाकली, लाल दोराही टाकला, आणि सुंदर अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'रानतेल. शंभर टक्के नैसर्गिक.'

दुसऱ्या दिवशी दुपारी नलू बँकेत गेली होती आणि बसंतीबाईची नात ममता आली. ममता यवतमाळला बी.ए.ला. वीस दिवसांनी लग्न, नवरा कळंबकडचा. गालावर पुटकुळ्यांचे जुने डाग होते, त्यांच्यापायी ती सहा महिन्यांपासून फोनमधल्या फोटोंवर बोट फिरवून स्वतःलाच पुसत होती.

"ताई नाहीत का? मले ते पाह्यजे होतं... आरशामागचं."

उर्वशी हसली. तिला वाटलं, गावातल्या पोरींनाही आता कळायला लागलं. "ते आता आरशामागं नाही, फळीवर आहे. मावशी कोणाला देत नाही वाटतं. पण तुझं लग्न आहे, घेऊन जा थोडं. अगदी थोडं लाव. निसर्ग कधी दगा देत नाही."

ममताची दादी आयुष्यभर बिब्बे वेचत आली. झाडावरचा बिब्बा ममतानं डोळे मिटून ओळखला असता. पण तपकिरी काचेतला, चिठ्ठीवाला बिब्बा तिनं कधी पाहिला नव्हता. रात्री तिनं काडीच्या टोकानं दोन्ही गालांच्या डागांवर एकेक ठिपका लावला. नलूताईही काडीनंच लावते, हे तर सगळ्या गावाला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचा पडदा सरकला आणि बसंतीबाई आत आली. मागं ओढणीत तोंड गुंडाळलेली ममता. ओढणी काढली तेव्हा उर्वशी मागच्या मागं खुर्चीत बसली. गाल फुगून डोळे मिटायला आले होते, वर पाण्यानं भरलेले फोड.

बसंतीबाईनं फळीवरची बाटली उचलली, बूच काढलं, एकदा नाकाशी नेली.

"हे माह्या हातचं तेल आहे, नलूबाई. दोरा कुठं हाय?"

"मावशी, मले काय माहीत होतं!" उर्वशीचं पुणं एका क्षणात उतरलं. "नैसर्गिक आहे म्हनली तू!"

"नाग बी नैसर्गिकच असते," नलू म्हणाली. तिनं दुकानाला कुलूप लावलं, ममताला रिक्षात घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, एक मलम दिलं आणि चष्म्यावरून पाहत बजावलं, "या मलमाशिवाय चेहऱ्याला काही लावायचं नाही. साबण नाही, क्रीम नाही, घरचं काही नाही. आठ दिवसांनी मलमही बंद. मग नुसतं पाणी."

नलूला हसावं की रडावं कळेना. बावीस वर्षं ती हेच सांगत होती.

संध्याकाळी ममताचा बाप हिरासिंग दुकानात आला. आवाज न चढवता बोलला, तेच जास्त वाईट होतं. "नलूबाई, पोरीच्या सासरचे लोक मांडवात तोंड पाह्यतीन. तोंड असं राह्यलं अन् लग्न मोडलं, तं या दुकानाचा पडदा मीच येऊन उतरवीन. पुन्हा लावू देनार नाई."

उर्वशी पुढं झाली, तिला काहीतरी बोलायचं होतं. नलूनं तिला मागं ओढलं. "दुकान माह्यं आहे, भाऊ. बाटली माह्या दुकानातली. पोरीचं तोंड मी जपतो. पन माह्यी एक अट. मी सांगीन तोवर तिच्या तोंडाले कोणी काही लावाचं नाई."

"एवढंच?"

"एवढंच," नलू म्हणाली. एवढंच म्हणजे केवढं असतं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नलू रोज दुपारी रिक्षानं तांड्यावर जाऊ लागली. काम काय, तर ममताजवळ बसायचं आणि काही लावू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी काकू कोरफड चिरून घेऊन आली. दुसऱ्या दिवशी शेजारीण दही घेऊन. तिसऱ्या दिवशी मुलतानी माती आली, चौथ्या दिवशी कोणाच्या तरी भावानं अमरावतीहून पाठवलेलं गोरं होण्याचं क्रीम आलं. एका म्हातारीनं टूथपेस्टचा आग्रह धरला, थंड असते म्हणून.

"थोडंसं लावून पाहू ना वं."

"थोड्याशानंच हे झालं."

"पन काहीतरी लावा लागन ना! असं उघडं तोंड ठेवता का कोणी?"

उर्वशीनंही एकदा चाचरत म्हटलं, "मावशी, माझ्याकडे एक चंदनाचं..."

नलूनं तिच्या बॅगेकडे बोट केलं. उर्वशीनं अकराही बाटल्या बॅगेत भरल्या आणि चेन लावली.

नलूच्या ध्यानात आलं, की बावीस वर्षांत हजार तोंडांना काय काय लावलं, त्यात कधी अंगाला घाम फुटला नाही. एका तोंडाला काहीच न लावताना मात्र जीव निघत होता. ममता रडे. आरसा मागू लागे. नलूनं घरातले सगळे आरसे बसंतीबाईच्या पेटीत टाकून वर कुलूप घातलं. "फोनमधी पाह्यशीन तं फोन बी पेटीत जाईन," तिनं दम दिला.

"ताई, माह्यं लग्न मोडन का वं?"

"मले माहीत नाई," नलू म्हणाली. तिला खोटं बोलता येत नव्हतं. ममता आणखी रडली. घरी आल्यावर नानाजी म्हणाला, "अवं, नाई मोडत म्हनाव ना त्या लेकराले! माघं जागा आहे म्हनाले तुले काय होते?"

आठव्या दिवशी फोड सुकले. बाराव्या दिवशी खपल्या धरल्या. मग कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ पातळ निघू लागली आणि खालून नवी, लालसर कातडी वर आली. आणि नेमकी हळद आली.

हळदीला तांड्यातल्या साऱ्या बायका जमल्या. पितळी ताटात हळद कालवलेली, डफडं वाजत होतं, गाणं सुरू. नलू ममताच्या पाटाला गुडघा लावून बसली, तिजोरीजवळ चोर आल्यासारखं प्रत्येक हाताकडे बघत.

"नवरीच्या तोंडाले हळद नाई?" हिरासिंगची बहीण कडाडली. "पांढऱ्या तोंडाची नवरी मांडवात न्याची का? अपशकून आहे हा!"

"डॉक्टरीणबाईनं सांगतलं..."

"डॉक्टरीणबाई येऊन नांदनार आहे का तिच्या सासरी?"

बायका हसल्या. एक हळदीचा हात पुढं आला. नलू उठायच्या आत दुसरा एक हात आला, काळा, गोंदलेला, मनगटापर्यंत जुन्या बांगड्यांचा. बसंतीबाईनं ताटच उचलून मांडीवर घेतलं.

"तेल माह्या हातचं होतं," ती म्हणाली. "हळद बी माह्याच हातची लागन. पाय आहेत, हात आहेत, तिथं लावा. माह्या छोरीच्या तोंडाजोळ जो हात येईन, तो हात उद्या मांडवात पोळ्या लाटाच्या कामाचा राह्यनार नाई."

बायकांनी गाणं पुढं उचललं आणि हळद पायांपासून सुरू झाली.

लग्नाच्या दिवशी नलू मेकअपची पेटी घेऊन नवरीच्या खोलीत शिरली आणि दार लावलं. पेटी उघडलीच नाही. ममताचं तोंड पाण्यानं धुतलं, मऊ फडक्यानं टिपलं, डोळ्यांत काजळ, कपाळाला टिकली, केस विंचरून फुलं माळली. वीस मिनिटांत काम खलास.

"झालं?" ममता म्हणाली.

"झालं. पन दार नाई उघडाचं."

"काहून?"

"एवढ्यात बाहेर गेली तं सारे म्हनतीन, पार्लरवालीनं काहीच नाई केलं. नवरी दोन घंट्यांत तयार होत असते."

मग दोघी दोन तास आत बसल्या. चिवडा खाल्ला. ममतानं डोक्यावरची फुलं सांभाळत भिंतीला टेकून डुलकी काढली. बाहेरून कोणी दार वाजवलं की नलू ओरडे, "मेकअपचा बेस चालू आहे! दार हलवू नका!"

दार उघडलं तेव्हा मांडवातला गलका कमी झाला. सकाळचं ऊन नवरीच्या तोंडावर पडलं. नवी कातडी, अठरा दिवस साबण नाही, क्रीम नाही, आणि आता भरपूर झोप. जुने डागही खपल्यांबरोबर गेले होते. डाव्या कानाजवळ एक काळा ठिपका तेवढा राहिला होता. नलू तो फुलानं झाकायला पुढं झाली. सासूबाईंनी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, ठिपका पाहिला, आणि वळून म्हणाल्या, "नजर लागू नये म्हनून तीट बी लावली पोरीले. पार्लरवाली हुशार आहे बाप्पा!"

हिरासिंगनं त्या दिवशी नलूला जेवायला सगळ्यांत आधी बसवलं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण लग्नाला नेर, कळंब, यवतमाळ सगळीकडच्या बायका होत्या, आणि प्रत्येकीला डोळे होते. आठवडाभरात नलूच्या दुकानात रीघ लागली.

"ताई, ममताले लावलं ते लावा."

"तिले काही नाई लावलं. बिब्बा उतला होता तिच्या तोंडावर."

"तेच लावा ना मंग. बिब्ब्यानं जुनी कातडी निघते म्हने, अन् आतून गोरी येते."

"अवं आंधळी होशीन! जहर आहे ते!"

बाई तेच हसे. साहेब बाहेर गेले, तेच हसू. "नसन सांगाचं तं राहू द्या."

आणि एका दुपारी बसंतीबाई दम खात आली. "नलूबाई, काल तिघी माह्या घरी आल्या. बिब्बे मागाले. टाचेले म्हनत होत्या, पन एकीची बी टाच फाटेल नोहती. मी नाई देल्ले. पन रानात झाडं का माह्या बापाचे आहेत?"

नलू त्या रात्री झोपली नाही. खरं सांगून तिनं बावीस वर्षांत एका बाईलाही पटवलं नव्हतं. आता खऱ्याला चिकटून राहिली, तर तालुक्यातली निम्मी तोंडं उततील.

सकाळी तिनं बाजारातून साधं खोबरेल आणलं, उर्वशीनं मागं सोडलेल्या नव्या तपकिरी बाटल्या धुऊन पुसून त्यांत भरलं आणि आरशाच्या मागं ठेवल्या. पहिलं गिऱ्हाईक खुर्चीत बसलं. रेशन दुकानदाराची दीपा, बिब्ब्यासाठी दोनदा येऊन गेलेली. नलूनं पडदा ओढला, इकडंतिकडं पाहिलं, एक बाटली काढली आणि आवाज खाली आणला.

"कोणाले सांगशीन तं पुन्हा पाय ठेवू देनार नाई."

"आईची शपथ, ताई."

"रात्री एक थेंब. सकाळी नुसत्या पाण्यानं धुवाचं. एकवीस दिवस दुसरं काही लावलं, साबण, क्रीम, बिब्बा, काही बी, तं हे उलटते. मंग मले बोलाचं नाई."

दीपानं बाटली अशी धरली, जशी नवसाची. जाताना दारात थांबली.

"ताई, एक विचारू? तुमी सोता हेच लावता ना?"

बाकड्यावर नानाजी पेपर वाचत होता. त्याचा पेपर इंचभर खाली आला.

"हेच लावतो," नलू म्हणाली.

दीपाच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की निम्मा इलाज तिथंच झाला. "मले वाटलंच होतं!" ती म्हणाली आणि पडद्याबाहेर पळाली.

नानाजीनं पेपर पुन्हा वर केला. पेपरामागून आवाज आला, "माघं जागा आहे, माघं सरका."

"चुप बसा," नलू म्हणाली. मग तिनं दातात दोरा धरला, कारण पुढची बाई आधीच खुर्चीत येऊन बसली होती आणि आरशाच्या मागं पाहत होती.